तात्पुरती कॅप, चतुर्थी आणि आईचं जेवण: काय चालेल, काय टाळावं?

अबोली_कुडाळ
नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६८) खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनल झालं. डॉक्टरांनी दाढ घासून माप घेतलं आणि वर तात्पुरती कॅप बसवून दिली. पक्की कॅप लॅबमधून यायला दीड-दोन आठवडे लागणार, आणि नेमकी मध्ये चतुर्थी आली आहे. गणपतीत दवाखाना बंद, लॅब बंद, कुरियरवालेही गावाला.
डॉक्टरांनी सांगितलं, "कडक आणि चिकट खाऊ नका, दुसऱ्या बाजूने चावा." ते खरंच, पण आमच्या स्वयंपाकघरात कडक काय आणि चिकट काय हे कोण ठरवणार? मोदक चिकट म्हणायचा का? भजनाच्या रात्रीची काळ्या वाटाण्याची उसळ कडक म्हणायची का? गौरीच्या तिखटाच्या जेवणात कुर्ल्या असतात, त्यांचं काय? शिवाय आईची डावीकडची वरची एक दाढ आधीच काढलेली आहे, म्हणजे "दुसऱ्या बाजूने चावा" म्हटलं तरी ती बाजूही पुरी नाही.
आई घाबरून गेली आहे. दोन्ही वेळा पेज पिते आणि उठते. वर्षातले हेच दिवस तिच्या सगळ्यात आनंदाचे, घर भरलेलं असतं, आणि पानावर बसून तिने नुसतं बघत राहावं हे मला पटत नाही. ज्यांनी या दिवसांतून स्वतः किंवा घरच्या माणसाला नेलं आहे त्यांनी पदार्थांची नावं घेऊन सांगा. आणि सुट्टीत कॅप निघालीच तर काय करायचं तेही.

सुगरण_मावशी
अबोली, मोदक नक्की दे. उकड मऊच असते. सविस्तर लिहिते रात्री, आत्ता गिरणीत पीठ टाकून आले आहे.

हर्णै_बंदर
मावशी, मोदकात गूळ आहे. चिकट पदार्थ सगळ्यात वाईट असं मला माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

खाडीपलीकडे
मला एक वेगळंच विचारायचं आहे. ही तात्पुरती कॅप लागतेच कशाला? माझी बसवल्यावर लगेच निघाली होती. मी तसाच राहिलो पक्की येईपर्यंत. जेवलो, बोललो, काही झालं नाही. उगाच माणसाला घाबरवून टाकतात.

चाकरमानी_लालबाग
खाडीपलीकडे, तुमचा दात कुठला होता? पुढचा की दाढ?

खाडीपलीकडे
वरचा, सुळ्याच्या मागचा.

दातांचा_डॉक्टर
मी सिंधुदुर्गात दंतवैद्य म्हणून काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो.
खाडीपलीकडे, तुमचं निभावलं याचा आनंद आहे, पण तो नियम धरू नका. दाढ कॅपसाठी घासली की चारही बाजूंनी आणि वरून लहान होते. शेजारचे दात आणि समोरचा दात त्या मोकळ्या जागेकडे हळूहळू सरकू लागतात. डोळ्यांना दिसणारही नाही इतकं सरकले तरी मापाप्रमाणे करून आलेली पक्की कॅप बसायला अडते. मग ती घासावी लागते, नाहीतर पुन्हा माप, पुन्हा थांबणं. हिरडीही घासलेल्या कडेवर चढते. तात्पुरती कॅप ही जागा धरून ठेवते, आणि उघड्या दाताला सांभाळते.
दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रूट कॅनल झालेल्या दाढेचा बराच भाग किडीत आणि उपचारात गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ असतात. त्यातली नस काढलेली असल्यामुळे थंड-गरम जाणवत नाही, त्यामुळे कॅप सैल झाली तरी माणसाला पत्ता लागत नाही. अशा दाढेवर सुपारीचं खांड किंवा हाडाचा तुकडा नेमका आला तर दाढच उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली तर ती दाढ काढण्यावाचून उपाय राहत नाही. सगळा खर्च आणि त्रास पाण्यात.
ही कॅप बहुतेक वेळा अॅक्रिलिकची किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या प्लास्टिकची असते. ती मुद्दाम कच्च्या सिमेंटने बसवतात, कारण पुढच्या वेळी ती आम्हालाच काढायची असते. बऱ्याच ठिकाणी ते झिंक ऑक्साइड आणि लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलचं असतं, म्हणून तोंडात लवंगेचा वास येतो. तेव्हा ती पक्की चिकटलेली नाही हे धरूनच जेवायचं. चिकट पदार्थ कॅपला वर ओढतो, कडक पदार्थ तिला फोडतो किंवा हलवतो. पदार्थ हातात घेतल्यावर हे दोन प्रश्न विचारा: हा ओढेल का? हा फोडेल का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर खुशाल खा.
अबोलीताई, आणखी एक. आईंना तोंड मिटताना ती दाढ बाकीच्या दातांच्या आधी लागते का, हे आजच विचारा. लागत असेल तर सुट्टी लागण्याआधी जाऊन उंची कमी करून घ्या. पाच मिनिटांचं काम असतं. उंच राहिलेली कॅप प्रत्येक घासाला मार खाते आणि मुळाशी ठणका लागतो. जेवणात कितीही पथ्य पाळलं तरी त्याने फरक पडत नाही.

अबोली_कुडाळ
डॉक्टर, फार फार आभार. विचारते आईला आत्ताच.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
अबोली बाय, आवशीक सांग, कुर्ली खाऊक हरकत नाय, पण डेंगो दातान फोडूचो नाय. आमच्या घराक पाट्यार ठेवन वरवंट्यान ठेचतत आणि मगे ताटात घालतत. मास सुटा जाता, दात पण रवतत. आणि रश्यात भात कालवन खाल्ल्यार चावचा काय ता उरता?

अलिबागकर_नाना
बाबल्याशी सहमत. आमच्याकडे चिंबोरीच्या बारीक पायांचा वाटून रस काढतात आणि तो कालवणात घालतात. चव सगळी त्या रसात असते. ज्येष्ठ माणसाला नांगी चोखत बसण्याची गरजच नाही. पण एक धोका कोणी बोललं नाही: वाटताना कवचाची कच राहते. रस बारीक फडक्यातून गाळून घ्या.

तिसऱ्या_मसाला
कच म्हणालात नाना, तर तिसऱ्यांचं आधी बोला! कुर्लीचं कवच दिसतं तरी. तिसऱ्यांत रेती असते ती दिसत नाही, एकदम कर्रकन लागते. माझ्या वडिलांची तात्पुरती कॅप तशीच तडकली, नुसत्या रेतीच्या कणावर. तिसऱ्या नीट पाण्यात सोडून ठेवल्या होत्या तरीही. त्या पंधरा दिवसांत तिसऱ्या, खुबे, कालवं हा सगळा विषय बंद ठेवा. पक्की बसली की वर्षभर आहेतच.

शंकेखोर
कालवं का? ती तर लोण्यासारखी मऊ असतात.

तिसऱ्या_मसाला
कालव मऊच, पण खडकावरून कोयत्याने फोडून काढताना शिंपल्याचे कपचे सोबत येतात. कालवं काढणाऱ्या बाईने किती निगुतीने धुतली आहेत त्यावर सगळं. माझ्या आजोळी रत्नागिरीला हे काम बायका भरती-ओहोटी बघून करतात, हात कापून घेतात बिचाऱ्या. त्या घाईत कपचा राहणारच.

हर्णै_बंदर
मासा खायचा तर बोंबील. ओला बोंबील कालवणातला, जिभेनेच तुटतो, काटासुद्धा मऊ. आता नारळी पौर्णिमा होऊन गेली, बोटी जायला लागल्या, ताजा मिळतो. पापलेट, सुरमईची तुकडी काटा काढून. बांगड्याचं मात्र सांभाळून, बारीक काटा कॅपच्या कडेला अडकला की माणूस तो काढायला काहीतरी टोचतोच.

दातांचा_डॉक्टर
हर्णै_बंदर यांनी फार कामाचं सांगितलं. आमच्याकडच्या वयस्कर मंडळींची सवय म्हणजे मासे खाऊन झाले की खराट्याचा हीर मोडून दात कोरत बसायचं. हीर कडक आणि टोकदार असतो. तो कॅप आणि हिरडीच्या फटीत घातला की कॅप खालून उचलली जाते. चिकट पदार्थाने निघालेल्या कॅप बघतो तशाच मी हिराने निघालेल्याही बघतो. काडेपेटीची काडी, सेफ्टी पिन, तेच. काही अडकलं तर कोमट पाण्याने जोरात न खळखळता चूळ भरा, मऊ ब्रशने हळू काढा. फ्लॉसचा दोरा वापरत असाल तर तो आत घातल्यावर पुन्हा वर ओढू नका, एक टोक सोडून बाजूने सरकवून काढा. वर ओढला तर कॅप सोबत येते.
मशेरी लावणाऱ्यांना वेगळं सांगतो. बोटाने चोळताना कॅपची कड हलते आणि हिरडीला जखम होते. मशेरी एरवीही वाईटच, तंबाखूच ती. हे निमित्त धरून सुटली तर त्याहून चांगलं काही नाही.

रोठा_सुपारी
माझ्या नावावरून समजलं असेल, आम्ही श्रीवर्धनचे. घरात सुपारीच्या बागा, जेवणानंतर पान हा आमच्या काकूचा धर्मच. तिला डॉक्टरांनी सुपारी बंद सांगितली तर तिने चोरून कातरलेली खाल्ली, "बारीक आहे, काय होतं" म्हणत. कॅप दोन तुकडे. तेव्हा पान-सुपारीवाल्या घरांनी अडकित्ताच कुलुपात ठेवा. पान खायचंच असेल तर नुसतं विड्याचं पान, गुलकंद लावून, तेही दुसऱ्या बाजूने.

चाकरमानी_लालबाग
काकूंना आमचा नमस्कार सांगा :) आमच्या घरी पण अशीच एक आजी होती, तिने कवळी काढून ठेवून हिरड्यांनी सुपारी विरघळवली असती.

सुगरण_मावशी
आता बसले निवांत. अबोली, तुझ्या पानावरचा एकेक पदार्थ घेते.
मोदक. हर्णै_बंदर म्हणतात तो गुळाचा मुद्दा बरोबर आहे, पण तो सारणाच्या हाताचा प्रश्न आहे. ओलं खोबरं आणि गूळ मंद आचेवर ठेवून ओलसर असतानाच उतरवलं तर ते मऊ, सुटं राहतं. जास्त आटवलं की गार झाल्यावर त्याची चिक्की होते, आणि ती दाढेला धरते. यंदा सारण थोडं लवकर उतरव. आईला मोदक गरम असतानाच दे, वर तूप जरा सढळ. हाताने मोडून, लहान घास करून. दुसऱ्या दिवशीचा गार मोदक नको, त्याची उकड चिवट होते. तळणीचे मोदक तर अजिबात नकोत.
पातोळ्या उत्तम. शेवयांची खीर, शिरवाळे नारळाच्या रसात, घावणे, आंबोळी, वालीची भाजी, लाल भोपळ्याची भाजी, पिठी-भात, सगळं निर्धास्त. वडे करशील तर कडा कडक होतात, ते रश्यात बुडवून मऊ झाल्यावर दे.
अळूचं फदफदं म्हणजे मऊ असं सगळे समजतात, पण त्यात आपण काय घालतो ते आठव. शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, ओल्या खोबऱ्याचे काप. आईची वाटी आधी वेगळी काढ आणि मग बाकीच्यात ते घाल. ऋषीच्या भाजीत मक्याच्या कणसाचे तुकडे असतात, ते दाताने कुरतडायचे नाहीत. दाणे सोडवून, शिजवून, चमच्याने. सुरण, भेंडी, अळूचे देठ चालतील.
करंज्या, खाजं, चिवडा, फणसाचे तळलेले गरे, पोह्याचे भाजलेले पापड, सांडगी मिरची, हे नाहीच. फणसपोळी आणि आंबापोळी घरात असेल तर लपवून ठेव! ती जितकी गोड तितकी दाताला धरणारी. पंचखाद्यातली खारीक आणि सुकं खोबरं बाजूला काढ, खडीसाखर चावायची नाही, तोंडात विरघळू द्यायची. प्रसादाचं खोबरं किसून दे. देवाला चालतं गं किसलेलं.

शंकेखोर
मावशी, काळे वाटाणे राहिले.

सुगरण_मावशी
हो, अरे! तोच खरा धोक्याचा पदार्थ. काळा वाटाणा रात्रभर भिजला, कुकरला मऊ झाला, बोटाने दाबून बघितला, तरी एखादा गणंग राहतोच. तो शिजतच नाही, खड्यासारखा. आणि उसळ आपण विश्वासाने चावतो, म्हणून तो नेमका दाढेखाली येतो. आईसाठी वाटाणे रवीने घोटून, गणंग वेचून, वाटणात कालव. पावासोबत खायचं तर पाव रश्यात भिजवून. भजनी मंडळाला नेहमीची उसळ, आईला घोटलेली. एकाच टोपातून दोन्ही होतं, वेगळा स्वयंपाक नको.

अबोली_कुडाळ
मावशी, तुम्ही आमच्या घरात येऊन पान वाढल्यासारखं सांगितलंत. फदफद्यातल्या शेंगदाण्यांचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.
डॉक्टर, आईला विचारलं. ती म्हणाली, "लागते गो थोडी आधी, पण म्हटलं नवीन आहे म्हणून असेल." उद्या सकाळी पहिल्या एसटीने नेते.

गडनदी
मला पेजेबद्दल बोलायचं आहे. माझ्या सासूबाईंची कॅप निघेल या भीतीने त्यांनी चहा-बिस्किटं आणि पेज यांवर दिवस काढले. वरून गोळ्या चालू. एके दिवशी पडवीत चक्कर येऊन बसल्या. दाताला काही झालं नव्हतं, माणूस खचला होता. अबोली, तू धागा काढलास ते फार बरं केलंस. म्हाताऱ्या माणसाला "हे नको, ते नको" एवढंच ऐकू येतं आणि मग तो खाणंच सोडतो. काय खायचं ते आधी सांगायला हवं. पेजेत मुगाची डाळ शिजवून घाला, सोबत अंडं, माशाची मऊ तुकडी, दही, नाचणीचं सत्त्व. पोट भरलं पाहिजे.

हर्णै_बंदर
+१. आणि पेजेचा तांदूळ निवडून घ्या, उकड्या तांदळात खडा असतो कधीकधी.

खाडीपलीकडे
डॉक्टर, तुमचं वाचलं. दाढेच्या बाबतीत मान्य. पण माझा अजूनही मुद्दा असा की तात्पुरती कॅप जरा घट्टच का बसवत नाहीत? पेशंटला पंधरा दिवस जीव मुठीत धरून जेवायला लावण्यापेक्षा ते बरं.

दातांचा_डॉक्टर
रास्त प्रश्न आहे. घट्ट सिमेंट वापरलं तर काढताना कॅप कापून काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत खालची घासलेली दाढ मोडायची भीती. अर्थात सुट्टी मध्ये येत असेल, पेशंट लांबच्या वाडीतून येत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. जरा अधिक धरणारं सिमेंट निवडता येतं, कॅपची पकड तपासता येते. हे बोलणं कॅप बसवण्याआधी झालं तर जास्त उपयोगी. कोकणात पेशंट आणि दवाखान्यात एक खाडी आणि दोन घाट असतात, हे आम्ही डॉक्टरांनीही लक्षात ठेवायला हवं.

खाडीपलीकडे
हे पटलं.

आंबोली_घाट
माझा प्रश्न जरा वेगळा. माझं रूट कॅनल झालेलं नाही, दात मोडला म्हणून थेट कॅप करत आहेत. तात्पुरती बसवल्यापासून गार सोलकढी प्यायली की झिणझिणी येते. कॅप सैल आहे का?

दातांचा_डॉक्टर
तुमच्या दातात नस जिवंत आहे, म्हणून थोडी झिणझिणी अपेक्षित आहे. ही कॅप पक्कीइतकी घट्ट बंद बसत नाही. सोलकढी फ्रिजमधली न पिता साधीच प्या, चहाही उकळता नको. काही क्षणांत कळ थांबत असेल तर काळजी नको. कळ आपोआप उठू लागली, रात्री झोपेतून उठवू लागली किंवा रोज वाढत गेली तर पक्क्या कॅपची वाट न बघता दाखवा. आणि हळदीने कॅप पिवळी पडेल, त्याने घाबरू नका. प्लास्टिक रंग धरतं. ती घासून पांढरी करायला जाऊ नका.

सागरवेल
भूल दिलेली असताना जेवू नये हेही कोणीतरी लिहा. माझ्या मुलाने दवाखान्यातून येताना वडापाव खाल्ला आणि गालाचा आतला भाग चावून रक्त काढलं, त्याला कळलंसुद्धा नाही.

दातांचा_डॉक्टर
बरोबर. ओठ-जीभ पूर्ण जागी होईपर्यंत थांबायचं, साधारण दोन-तीन तास, कधी जास्तही. गरम चहासुद्धा नको, भाजलेलं कळत नाही.

चाकरमानी_लालबाग
आता तो दुसरा प्रश्न. गणपतीत कॅप निघाली तर? आम्ही दरवर्षी लालबागहून कणकवलीला येतो, ६६ नंबरच्या हायवेवर रात्रभर अडकतो. माझ्या बायकोची कॅप रस्त्यात निघाली होती, एका धाब्यावर. कोणीतरी म्हणालं फेविक्विक लाव. तिने नाही लावलं, पण करायचं काय ते कोणालाच माहीत नव्हतं.

दातांचा_डॉक्टर
वहिनींनी अगदी योग्य केलं. फेविक्विक, फेविकॉल, एम-सील, काहीही नाही. हिरडी भाजते, आणि कॅप वाकडी चिकटली की ती काढताना दाढेचं नुकसान होतं.
कॅप निघाली की आधी ती तोंडातून बाहेर काढा आणि जपून ठेवा. पुन्हा बसवता येते बहुतेक वेळा. धुताना खाली वाडगं ठेवा, नाहीतर मोरीत गेली म्हणून समजा. मग डॉक्टरांना फोन. सुट्टी लागण्याआधीच त्यांना विचारून ठेवा की या दिवसांत फोन कोण उचलेल, आणि ते गावाला असतील तर जवळचा दुसरा दवाखाना कुठला.
लगेच जाणं शक्य नसेल तर मेडिकलमध्ये कवळी चिकटवायची क्रीम मिळते. कॅपच्या आत अगदी थोडी लावून, आरशात बघून, पूर्वी होती त्याच दिशेने हलक्या हाताने बसवा आणि दात हळूच मिटा. सहज बसली तर ठीक. दाबावी लागत असेल तर दिशा चुकली आहे, जोर करू नका. अशी बसवलेली कॅप झोपताना काढून ठेवायची. झोपेत निसटून श्वासनलिकेत गेली तर जीवावर बेतू शकतं. जेवतानाही काढा आणि त्या बाजूने काही चावू नका. हा तात्पुरता आधार आहे, डॉक्टरांकडे जाणं टळत नाही.
चुकून गिळली तर बहुतेक वेळा ती शौचावाटे पडून जाते, तरी डॉक्टरांना कळवा. पण गिळल्यासारखं वाटलं आणि खोकला थांबेना, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, दम लागला, तर थेट मोठ्या रुग्णालयात. वाट बघायची नाही. सूज, ताप, पू दिसला तर तेही सुट्टी संपण्याची वाट न बघता.

गडनदी
हे छापून फ्रिजवर लावते. आमच्याकडे आता सासऱ्यांचा नंबर आहे.

वेंगुर्ल्याचो_बाबल्या
डाक्टर, तुमची फी कितकी झाली ती सांगा, सगळे मिळान काजू धाडतो. सुके काजू मात्र अबोलीच्या आवशीक नको :)

शंकेखोर
भिजवलेल्या काजूंची उसळ चालेल ना पण? मऊ शिजते.

सुगरण_मावशी
चालेल. नीट भिजवून, साल काढून, मऊ शिजवून.

अलिबागकर_नाना
मूळ प्रश्नातली एक गोष्ट सुटते आहे. अबोलीच्या आईची डावी बाजू पुरी नाही. मग चावायचं कुठे? सगळे "दुसऱ्या बाजूने" म्हणत आहेत.

दातांचा_डॉक्टर
नाना, धन्यवाद, हे मी आधीच लिहायला हवं होतं. एक दाढ नसली तरी डाव्या बाजूच्या पुढच्या छोट्या दाढा असतात, त्या मऊ पदार्थाला पुरतात. म्हणून कापण्याचं काम ताटात करायचं, तोंडात नाही. सुरीने, हाताने, चमच्याने बारीक करून घास लहान ठेवायचा. मटण असेल तर हाडावेगळं, नीट शिजलेलं. चावायला वेळ लागेल, तर आईंना पहिल्या पंगतीच्या घाईत बसवू नका, निवांत बसवा. आणि मऊ भाताचा घास चुकून उजवीकडे गेला तर काही बिघडत नाही. कॅप त्यासाठीच आहे. तोंडात घास इकडचा तिकडे झाला म्हणून दचकत जेवायची गरज नाही. पक्की कॅप बसल्यावर त्या डावीकडच्या रिकाम्या जागेचंही बघून घ्या.

अबोली_कुडाळ
हे शेवटचं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "घास उजवीकडे गेला तर काही बिघडत नाही" ऐकल्यावर तिचा चेहराच सुटला. ती इतके दिवस मान डावीकडे कलती करून जेवत होती, मानेला कळ लागली होती तिच्या.
दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी निळा कागद चावायला दिला, उंच लागणारी जागा बघून घासली. आई म्हणाली, आता दात मिटल्यासारखे वाटतात. सुट्टीतला फोन नंबर घेतला, कवळीची क्रीमही आणून ठेवली. सारण लवकर उतरवायचं, वाटाणे घोटायचे, खोबरं किसायचं. कुर्ल्या पाट्यावर.

सुगरण_मावशी
शाब्बास. गणपती झाले की येऊन सांग.

अबोली_कुडाळ
गणपती गेले. उशीर झाला सांगायला, घर आवरत होते.
कॅप जागेवर आहे. आईने मोदक खाल्ले, गरम गरम, तुपात. गौरीच्या दिवशी कुर्लीचा रस्सा आणि भात. बाबल्यादादा, वरवंटा भावाने चालवला. शेजारच्या काकींनी आग्रहाने खाजं हातात ठेवलं तेव्हा आईनेच सांगितलं, "माझ्या कॅपला ते ओढतं, पुढच्या वर्षी." फदफद्याची वाटी वेगळी काढली होती, ती सगळ्यांनी मागितली कारण त्यात काही लागत नाही म्हणे! लॅबमधून पक्की कॅप आली आहे, या आठवड्यात बसेल. झिर्कोनियाची आहे.

हर्णै_बंदर
वा! बसवताना तीही उंच लागते का ते तिथेच तपासून घ्या.

अबोली_कुडाळ
हो, आईच म्हणते आहे, "तो निळा कागद मागून घेते."

गडनदी
डॉक्टर, सासऱ्यांचं माप कालच दिलं. लॅबने दिवाळीनंतरची तारीख दिली तर? चकली, कडक बुंदीचे लाडू, सगळं पुढे उभं आहे.

दातांचा_डॉक्टर
इतकं लांबवू नका. ही कॅप दोन-तीन आठवड्यांसाठी असते. त्यापुढे सिमेंट विरघळत जातं, आत लाळ जाते आणि दाढेला पुन्हा कीड धरते. उद्याच दवाखान्यात फोन करून दिवाळीआधीची तारीख मागा. अगदीच जमत नसेल तर मध्ये एकदा बोलावून जुनं सिमेंट साफ करून कॅप पुन्हा बसवून द्या म्हणावं. आणि चकली सासऱ्यांना दह्यात भिजवून द्या, आवडेल त्यांना.